लशीची चाचणी आणि पालकांची संमती

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या अभ्यासवर्गाचा विषय वरकरणी वैद्यकशास्त्राचा वाटेल. कामगार आणि शेतकऱ्यांच्या प्रश्नांवर लढणाऱ्या पक्षाच्या कार्यकर्त्यांनी लशींच्या चाचण्यांचा विचार कशासाठी करावयाचा, असे कोणाच्या मनात आले तर त्यात नवल नाही. परंतु वस्तीत वा गावात काम करणाऱ्या कार्यकर्त्यापुढे हा प्रश्न कधी ना कधी उभा राहतोच. नवी लस तयार होते. ती लहान मुलांसाठी असते. काही मुलांवर तिची चाचणी घेतल्यावाचून ती सर्व मुलांना देता येत नाही. अशा वेळी एखादी आई किंवा बाप छापील कागद हातात घेऊन येतो आणि विचारतो, "यावर सही करू की नको?" २०११ साली पुणे जिल्ह्यातील वढू परिसरातील आईबापांपुढे रोटाव्हायरसच्या लशीच्या निमित्ताने हा प्रश्न आला. २०२१ साली कोवॅक्सिनची चाचणी २ ते १८ वर्षे वयाच्या ५२५ मुलांवर झाली, तेव्हा नागपुरातील पालकांपुढे तो आला. पुढेही येत राहील.

या प्रश्नाला दोन तयार उत्तरे आहेत. पहिले उत्तर असे की, गरिबांच्या लेकरांना प्रयोगशाळेतील उंदीर होऊ द्यावयाचे नाही, सबब सही करू नये. दुसरे उत्तर असे की, विज्ञानावर विश्वास ठेवावा, तज्ज्ञांना अधिक कळते, सबब सही करावी. दोन्ही उत्तरे विचार करण्याचे कष्ट वाचवतात आणि त्या आईबापाला एकटे सोडतात. पहिले उत्तर देणारा हे विसरतो की पोलिओ, घटसर्प, गोवर या रोगांपासून गरिबांची मुले वाचली ती कोणाच्या तरी मुलांवर आधी चाचणी झाली म्हणूनच. दुसरे उत्तर देणारा हे विसरतो की विज्ञान माणसे चालवितात. त्या माणसांच्या मागे पैसा, पद आणि घाई उभी असते.

शिवाय येथे एक मूलभूत अडचण आहे. प्रौढ माणूस स्वतःचे शरीर चाचणीसाठी देतो तेव्हा धोका त्याचा आणि निर्णयही त्याचाच असतो. १८९७ च्या जानेवारीत हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली, ती या अधिकारानेच. पालकाची गोष्ट निराळी आहे. तो सही करतो आपल्या नावाने, परंतु सुई शिरते ती दुसऱ्याच्या दंडात. मूल हे पालकाची मालमत्ता नव्हे. पालक हा त्या मुलाच्या हिताचा विश्वस्त आहे. विश्वस्ताने दुसऱ्याच्या ठेवीवर किती जोखीम घ्यावी, हा या विषयाचा गाभा आहे.

१९५४ ची चाचणी

या प्रश्नाचा सर्वांत मोठा अनुभव अमेरिकेतील १९५४ च्या पोलिओ चाचणीचा आहे. १९५२ साली त्या देशात पोलिओचे सुमारे ५८,००० रुग्ण नोंदले गेले आणि तीन हजारांहून अधिक दगावले. उन्हाळा आला की पोहण्याचे तलाव ओस पडत, आईबाप मुलांना चित्रपटगृहात पाठवीत नसत. डॉ. जोनास साल्क यांनी मारलेल्या विषाणूची लस तयार केली. १९५२ मध्ये तिचे पहिले प्रयोग झाले ते पोलिओने अपंग झालेल्या मुलांच्या एका संस्थेत आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या एका सरकारी संस्थेत. १९५३ मध्ये साल्क यांनी आपल्या पत्नीला आणि तिन्ही मुलांना ती टोचली. २६ एप्रिल १९५४ रोजी व्हर्जिनिया राज्यातील मॅक्लीन येथील एका प्राथमिक शाळेत मोठी चाचणी सुरू झाली. पहिली ते तिसरीच्या वर्गांतील सुमारे १८ लाख मुले या ना त्या रीतीने तीत सामील होती. त्यांतील सहा लाखांहून अधिक मुलांना प्रत्यक्ष टोचले गेले.

हा सारा उद्योग सरकारने चालविला नव्हता. अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या प्रेरणेने १९३८ मध्ये स्थापन झालेल्या एका लोकनिधीने तो चालविला. त्याचा पैसा घरोघरून नाण्यानाण्याने गोळा झालेला होता. हजारो डॉक्टर, परिचारिका, शिक्षक आणि लाखांवर साधे नागरिक विनामूल्य राबले. ही बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. भांडवलशाहीच्या त्या बालेकिल्ल्यातही एवढे मोठे काम नफ्याच्या प्रेरणेवर उभे राहिले नाही. ते लोकवर्गणी आणि लोकसहभाग यांवर उभे राहिले. लशीचे पेटंटही घेतले गेले नाही.

पालकांकडून जो कागद भरून घेतला गेला, त्याची भाषा विचारपूर्वक ठरविलेली होती. 'परवानगी देतो' असे न लिहिता, मुलाला चाचणीत सामील करून घ्यावे अशी 'विनंती करतो' असा त्याचा रोख होता. परवानगी देणारा मनुष्य दुसऱ्याने मागितलेली वस्तू देतो. विनंती करणारा स्वतः पुढे येतो. हा शब्द पालकांचा मान वाढविणारा होता, तसाच जबाबदारी हळूच त्यांच्या खांद्यावर सरकविणाराही होता. संमतिपत्राचा एकेक शब्द तपासून पाहावा लागतो, तो याच कारणाने.

अनेक राज्यांत काही मुलांना लस आणि काही मुलांना औषध नसलेले साधे द्रावण, म्हणजे प्लासिबो, टोचण्यात आले. कोणाला काय मिळाले हे मुलाला, पालकाला आणि टोचणाऱ्या डॉक्टरलाही ठाऊक नव्हते. पुष्कळ कार्यकर्त्यांना ही पद्धत क्रूर वाटते. लस हाताशी असताना निम्म्या मुलांना खारे पाणी का टोचावे? परंतु पोलिओ एका वर्षी उसळतो आणि दुसऱ्या वर्षी ओसरतो. लस न दिलेल्या सारख्याच मुलांशी तुलना केल्याखेरीज रोग लशीने कमी झाला की आपोआप, हे कळण्यास मार्ग नव्हता. शिवाय त्या वेळी लस उपयोगी आहे हेच ठाऊक नव्हते. दोन्ही बाजू समान अनिश्चित असतील तोवरच चिठ्ठी टाकून निवड करणे न्याय्य ठरते. एक बाजू निश्चितपणे सरस आहे हे ठाऊक असताना मुलांना प्लासिबो देणे, हा मात्र अन्याय होय.

आकडे काय सांगतात

१२ एप्रिल १९५५ रोजी मिशिगन विद्यापीठात डॉ. थॉमस फ्रान्सिस यांनी निष्कर्ष जाहीर केले. चिठ्ठी टाकून निवड केलेल्या भागांत सुमारे दोन लाख मुलांना लस आणि तेवढ्याच मुलांना प्लासिबो मिळाले होते. लस मिळालेल्यांत पोलिओचे प्रमाण लाखात २८ होते. प्लासिबो मिळालेल्यांत ते लाखात ७१ होते. लस प्रभावी ठरली.

आता या आकड्यांकडे एका आईच्या नजरेने पाहिले पाहिजे. ७१ आणि २८ यांतील अंतर ४३ चे आहे, आणि तेही लाखात. चाचणीत नाव घातले तर लस मिळण्याची शक्यता निम्मी. म्हणजे सही केल्याने त्या एका मुलाला त्या एका वर्षात प्रत्यक्ष जो लाभ होण्याचा संभव होता, तो सुमारे साडेचार हजारांत एक एवढाच होता. केवळ आपल्या मुलापुरता हिशेब मांडला तर दुसऱ्याच्या मुलांवर चाचणी होऊ द्यावी आणि वर्षभर थांबून सिद्ध झालेली लस घ्यावी, हेच अधिक शहाणपणाचे ठरले असते. तरीही लक्षावधी आईबाप पुढे आले. याचा अर्थ, त्यांनी जे केले ते वैयक्तिक सौदा म्हणून केलेले नव्हते. त्यांनी समाजाला काही दिले. ज्याने दिले त्याचा समाज ऋणी होतो. हे ऋण फेडण्याची व्यवस्था समाजाने आधी करावयाची, मगच त्या आईबापासमोर कागद ठेवावयाचा, ही समाजवादी भूमिका होय. निष्कर्ष जाहीर होण्यापूर्वीच त्या लोकनिधीने लशीची मोठी मागणी नोंदवून ठेविली होती आणि प्लासिबो मिळालेल्या मुलांना पुढे खरी लस विनामूल्य देण्याची तजवीज केली होती. ऋणफेडीचा हा एक धडा आहे.

याच चाचणीतील तिसरा आकडा अधिक बोलका आहे. ज्यांच्या पालकांनी नकार दिला अशा सुमारे साडेतीन लाख मुलांत पोलिओचे प्रमाण लाखात ४६ होते. म्हणजे लस न घेतलेल्या या मुलांना, प्लासिबो घेतलेल्या मुलांपेक्षा रोग कमी झाला. साध्या द्रावणाने रोग होत नाही. मग हे कसे? उत्तर वर्गव्यवस्थेत आहे. संमती देणारे पालक तुलनेने सुस्थितीतील आणि शिकलेले होते. नकार देणाऱ्यांत गरिबांचे प्रमाण अधिक होते. गरिबांच्या दाटीवाटीच्या वस्तीत मुलांना पोलिओच्या विषाणूचा संसर्ग फार लहानपणी होतो. त्या वयात आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती अंगात असते आणि बहुतेक मुले रोग न होता कायमची सुरक्षित होतात. स्वच्छ घरातील मुलाला तोच संसर्ग उशिरा गाठतो, आणि तेव्हा तो पांगळे करतो. म्हणजे सही कोण करतो आणि कोण करीत नाही, हेही वर्गाने ठरविलेले असते. म्हणूनच, ज्यांनी संमती दिली त्यांची तुलना ज्यांनी नकार दिला त्यांच्याशी करून भागत नाही, हे संख्याशास्त्रज्ञांचे म्हणणे खरे ठरले.

वर्णभेदाची छायाही त्या चाचणीवर होती. अलाबामातील माँटगोमेरी येथे कृष्णवर्णीय मुलांना गोऱ्यांच्या शाळेबाहेरच्या हिरवळीवर लस टोचून घ्यावी लागली. शाळेतील स्वच्छतागृहे त्यांना वापरता येत नव्हती. चाचणीतील मुलांचे रक्त तपासण्यासाठी ज्या पेशी लागत, त्या टस्कीगी येथील कृष्णवर्णीयांच्या संस्थेत वाढविल्या जात. त्या पेशी मूळच्या हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या शरीरातून १९५१ मध्ये तिच्या संमतीवाचून घेतलेल्या होत्या. त्याच टस्कीगीच्या परिसरात अमेरिकन सरकारचे आरोग्य खाते १९३२ पासून गरीब कृष्णवर्णीय पुरुषांचा उपदंश उपचाराविना कसा वाढतो याचे निरीक्षण करीत होते. ते १९७२ पर्यंत चालले. एकाच देशात, एकाच काळात, गोऱ्या पालकाला 'विनंती' करण्याचा मान मिळत होता आणि काळ्या माणसाला विचारण्याचीही गरज कोणास वाटत नव्हती.

संशय म्हणजे अज्ञान नव्हे

चाचणीच्या तोंडावर, एप्रिल १९५४ मध्ये, अमेरिकेतील एका लोकप्रिय नभोवाणी भाष्यकाराने ही लस प्राणघातक ठरू शकेल असा गवगवा केला. पुष्कळ पालकांनी नावे मागे घेतली. सुशिक्षितांनी त्यांची भित्रे म्हणून संभावना केली. भाष्यकाराने अतिशयोक्ती केली हे खरेच. परंतु लशीच्या काही घाण्यांत जिवंत विषाणू आढळला होता आणि त्या बाजूला काढाव्या लागल्या होत्या, हेही खरे होते. १९३५ साली पोलिओच्या दोन लशी हजारो मुलांना टोचल्या गेल्या होत्या. त्यानंतर काही मुले पांगळी झाली, काही दगावली आणि त्या लशी सोडून द्याव्या लागल्या होत्या. त्या आठवणीने एखादा बाप कचरला असेल तर त्याला अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणाला पोचतो?

आणि संशय खरा ठरण्यास फार काळ लागला नाही. १२ एप्रिल १९५५ रोजी निष्कर्ष जाहीर झाले आणि त्याच दिवशी काही तासांच्या विचारविनिमयानंतर अनेक कंपन्यांना उत्पादनाचे परवाने मिळाले. त्यांपैकी कॅलिफोर्नियातील कटर लॅबोरेटरीज या कंपनीच्या लशीत जिवंत विषाणू राहून गेला होता. १,२०,००० मात्रा सदोष निघाल्या. सुमारे ४०,००० मुलांना सौम्य पोलिओ झाला, सुमारे २०० जणांना कमीअधिक पांगळेपण आले आणि दहा दगावले. चाचणी काळजीपूर्वक झाली होती. घात झाला तो घाईच्या उत्पादनात आणि ढिल्या सरकारी देखरेखीत. १९५८ मध्ये एका खटल्यात ज्यूरीने असा निवाडा दिला की, कंपनीचा हलगर्जीपणा सिद्ध होत नाही, तरीही नुकसानभरपाई तिनेच दिली पाहिजे. हे तत्त्व कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावे. चूक कोणाची, याचा वाद वर्षानुवर्षे चालेल. पांगळ्या झालेल्या मुलाने त्याचा निकाल लागेपर्यंत थांबावे असे म्हणता येत नाही. दोष सिद्ध होवो वा न होवो, इजा झालेल्याला भरपाई मिळालीच पाहिजे.

नकाराची किंमत

संमती खरी की खोटी, हे ओळखण्याची एक कसोटी आहे. नकार दिला तर त्या पालकाला काय गमवावे लागते, ते पाहावे. काहीच गमवावे लागत नसेल तर संमती खरी.

न्यूयॉर्कमधील विलोब्रुक येथे बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांची मोठी सरकारी संस्था होती. १९५६ पासून सुमारे पंधरा वर्षे तेथील मुलांना हेतुपुरस्सर काविळीच्या विषाणूचा संसर्ग करून संशोधन केले गेले. त्यातून काविळीच्या दोन प्रकारांविषयी आणि प्रतिबंधाविषयी मोलाचे ज्ञान मिळाले. सर्व पालकांच्या सह्या घेतलेल्या होत्या. परंतु संस्था भरल्यामुळे १९६४ मध्ये सामान्य प्रवेश बंद झाले, तेव्हा जागा शिल्लक होती ती संशोधनाच्या कक्षात. मूल प्रयोगाला दिले तर प्रवेश, नाही तर नाही. ज्या आईला असे मूल घरी सांभाळणे अशक्य झाले आहे, तिने केलेली ती सही कसली? कायद्याच्या दृष्टीने ती संमती होती. न्यायाच्या दृष्टीने ती मजबुरी होती. गिरणीकामगार उपाशी असताना मालकाने समोर ठेवलेल्या करारावर अंगठा उठवितो, त्याला भांडवलदार स्वतंत्र करार म्हणतात. समाजवाद्यांनी तसे कधी मानलेले नाही. मग येथे का मानावे?

आपल्या देशातील खम्मम आणि वडोदरा येथील प्रकार याहून दूरचा नाही. २००९ साली तत्कालीन आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात सुमारे १४,००० आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यात सुमारे १०,००० मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणाऱ्या एच.पी.व्ही. विषाणूची लस टोचण्यात आली. मुली १० ते १४ वर्षांच्या, पुष्कळशा आदिवासी. पाथ ही अमेरिकन संस्था आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद यांचा हा उपक्रम होता. त्याला चाचणी न म्हणता 'प्रात्यक्षिक प्रकल्प' असे नाव दिले गेले. नाव बदलले की चाचणीचे नियम लागू नाहीत असे म्हणावयास जागा राहते. सात मुलींचे मृत्यू झाले, स्त्रियांच्या आणि आरोग्याच्या चळवळींनी आवाज उठविला आणि एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबविण्यात आला. ते मृत्यू लशीमुळे झाले नाहीत असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. परंतु संमतीचे जे चित्र समोर आले ते लाजिरवाणे होते. आंध्रातील तपासलेल्या ९,५४३ संमतिपत्रांपैकी १,९४८ वर अंगठे होते आणि २,७६३ वर वसतिगृहाच्या गृहपालांच्या सह्या होत्या. आईबाप दूरच्या पाड्यावर, मुलगी वसतिगृहात, आणि तिच्या शरीराविषयीचा निर्णय घेणारा सरकारी नोकर. ऑगस्ट २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने आपल्या अहवालात या प्रकाराची कठोर निर्भर्त्सना केली.

यातील खरी शोकांतिका पुढे आहे. ती लस वाईट नव्हती. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने भारतात दरवर्षी ७५,००० च्या आसपास स्त्रिया दगावतात, आणि त्यांत गरीब स्त्रियाच अधिक असतात. जगातील अनेक देशांत या लशीने तो रोग कमी होत असल्याचे दिसून आले आहे. परंतु खम्ममच्या अनुभवाने भारतात त्या लशीभोवती संशयाचे जे वलय निर्माण झाले, त्यात वर्षे वाया गेली. म्हणजे गृहपालाच्या सहीने वाचविलेला वेळ शेवटी गरीब स्त्रियांनाच महाग पडला. संमती हा विज्ञानाच्या वाटेतील अडथळा आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हा हिशेब मांडून पाहावा.

वढूचा अनुभव

याउलट २०११ मध्ये दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळील वढू येथे सुरू झालेल्या रोटाव्हायरस लशीच्या चाचणीचा विचार करावा. रोटाव्हायरसच्या जुलाबाने त्या काळात देशात दरवर्षी लाखाच्या घरात बालके दगावत असत असा अंदाज होता. लशीसाठी वापरलेला विषाणू दिल्लीच्या आयुर्विज्ञान संस्थेत नवजात बालकात सापडलेला होता. ६,७९९ बालके चाचणीत होती. सहा-सात आठवड्यांच्या वयात पहिली मात्रा. तिघांपैकी दोघांना लस, एकाला प्लासिबो. पहिल्या वर्षात रोटाव्हायरसच्या तीव्र जुलाबापासून सुमारे ५६ टक्के संरक्षण मिळते असे दिसून आले. परदेशी लशींच्या मानाने फार स्वस्त अशी ही लस २०१६ पासून राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात आली. ज्यांच्या वस्तीत चाचणी झाली त्यांच्याच वर्गाच्या मुलांना तिचे फळ विनामूल्य मिळाले. ऋण फिटले असे म्हणावयाचे असेल तर ते येथे.

तरीही दोन प्रश्न उरतात. जुलाबावरच्या दोन परदेशी लशी त्या वेळी जगात उपलब्ध होत्या आणि जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच अशा लशीची शिफारस केली होती. मग प्लासिबो कसे? उत्तर दिले गेले की त्या लशी भारताच्या सरकारी कार्यक्रमात नव्हत्या, सबब त्या मुलांना त्या एरवीही मिळाल्या नसत्या. उत्तर व्यवहाराला धरून आहे. परंतु गरिबाला जे मिळत नाही ते न मिळणे हीच मोजपट्टी मानली, तर गरिबी हीच संशोधनाची सोय होऊन बसते. दुसरा प्रश्न असा की, चाचणीतील बालकांच्या घरी कर्मचारी दर आठवड्याला चौकशी करीत आणि आजारपणात उपचाराची व्यवस्था होती. हे योग्यच होते. परंतु ज्या गावात एरवी डॉक्टर पोचत नाही, तेथे डॉक्टर दारात येणे हेच आमिष ठरते. प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध आणि डॉक्टर असतील तरच त्या आईचा होकार अथवा नकार खरोखर मोकळा होईल. मोकळ्या संमतीचा लढा हा म्हणून सार्वजनिक आरोग्यसेवेचा लढा आहे.

कार्यकर्त्याने काय करावे

आता मूळ प्रश्नाकडे यावयाचे. कागद घेऊन आलेल्या आईबापाला कार्यकर्त्याने सही कर किंवा करू नको असे सांगू नये. पालकाच्या जागी कार्यकर्त्याने बसणे हे गृहपालाच्या सहीचेच दुसरे रूप होय. त्याने त्या आईबापासोबत बसावे, मराठीतला कागद मोठ्याने वाचावा आणि काही गोष्टी विचारून घ्याव्या.

पहिली गोष्ट, ज्या रोगाची लस आहे तो आपल्या मुलांत किती होतो आणि किती घात करतो? जो रोग मुलांना क्वचितच गाठतो, त्याच्या लशीसाठी मुलावर जोखीम घेण्याचे कारण दुबळे असते. दुसरी, ही लस आधी प्रौढांवर आणि मोठ्या मुलांवर तपासली गेली आहे काय, आणि त्यात काय दिसले? तिसरी, प्लासिबो आहे काय, आणि असल्यास चाचणी संपल्यावर त्या मुलांना खरी लस मिळण्याचे लेखी आश्वासन आहे काय? चौथी, मूल आजारी पडले तर रात्री-बेरात्री कोणाला बोलवावयाचे, आणि खर्च कोणाचा? पाचवी, मधेच नाव काढून घेतले तर रुग्णालयातील नेहमीची सेवा चालू राहील ना? सहावी, कागद आणून देणारा माणूस कोण आहे? तो शिक्षक, गृहपाल, मुकादम किंवा कर्ज देणारा असेल, तर त्याच्यासमोर नकार देणे सोपे नाही, हे ओळखावे. आणि सातवी, मूल सात वर्षांच्या पुढचे असेल तर त्यालाही समजावून सांगून विचारले आहे काय? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनी मुलाची मान्यता आवश्यक मानली आहे. वडील मंडळींना हे अतिरेकी वाटेल. परंतु सुई ज्याला टोचावयाची त्याला विचारणे हा अतिरेक नव्हे.

यातील बरेचसे हक्क आज कायद्यात आहेत. २००९ पासून प्रत्येक चाचणीची सार्वजनिक नोंदणी सक्तीची आहे. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, तेव्हा चाचण्यांच्या अंदाधुंदीला पहिला लगाम बसला. २०१९ च्या नियमांत नीतिसमितीची मंजुरी, इजा झाल्यास मोफत उपचार आणि चाचणीमुळे झालेल्या इजेस भरपाई यांची तरतूद आहे. परंतु संमतिपत्राची प्रत पालकाच्या हाती नसेल तर यातील एकही हक्क बजावता येत नाही. म्हणून सही केली तर कागदाची एक प्रत घरच्या पेटीत गेलीच पाहिजे, हा आग्रह कार्यकर्त्याने धरावा. गावातील महिला मंडळाने किंवा ग्रामसभेने चाचणी घेणाऱ्यांना बोलावून सर्वांसमक्ष प्रश्न विचारावेत. एकट्या आईने विचारलेला प्रश्न झटकता येतो. पन्नास बायांनी विचारलेला झटकता येत नाही.

इतके झाल्यावर आईबाप नकार देतील, तर त्यांना कोणी स्वार्थी म्हणू नये. ज्याच्या घरात एकच मूल आहे आणि तेही अशक्त आहे, त्याने दुसऱ्या कोणाला उत्तर द्यावयाचे नाही. आणि ते होकार देतील, तर त्यांना कोणी फसलेले म्हणू नये. ते जे देत आहेत ते थोडेथोडके नाही. १९५४ साली ज्या अनाम आईबापांनी मुलांचे दंड पुढे केले, त्यांच्या देण्यातून सुरू झालेल्या लढ्यामुळे २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. पोलिओने लुळा पडलेला मुलगा ज्यांनी आपल्या आळीत पाहिला आहे, त्यांना या देण्याची किंमत सांगावी लागणार नाही.

पक्षापुढील काम म्हणून स्पष्ट आहे. मुलांवरच्या प्रत्येक चाचणीची माहिती त्या गावच्या भाषेत आधी जाहीर व्हावी. दोष सिद्ध होण्याची वाट न पाहता भरपाई मिळावी. ज्या समाजात चाचणी झाली त्या समाजाला ती लस सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळावी. आणि चाचणीचे निष्कर्ष, चांगले असोत वा वाईट, त्या आईबापांना घरी येऊन सांगितले जावेत. या चार मागण्या घेऊन कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यातील आरोग्य केंद्रापर्यंत आणि आश्रमशाळांपर्यंत जावयाचे आहे. त्या मान्य होतील तेव्हा आईबापांना सहीचा निर्णय मोकळ्या मनाने घेता येईल.